वैशाखातलं पातळ ऑइल

इकडं ये प्रज्ञा, अशी जवळ बस. तू तिकडं चाकणला आणि मी इथं अवसरीत, हे कळतंय मला – पण वाचताना तरी जवळ बस. गाडी घेतलीस, पेढे पाठवलेस, फोटो पाठवलास, आणि मोठ्या आईच्या दारात काही ती उभी केली नाहीस. सख्ख्या चुलतीशी असं वागतात का गं? आणि एवढ्या दिवसांनी फोन केलास तो काय विचारायला? तर, ऊन लई वाढलंय, गाडीत ऑइल कुठलं टाकू.

वर म्हणालीस, ‘बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, मोठ्या आईला विचार.’

दूध उतू चाललंय म्हणून मी फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतंच. आता जे लिहितेय ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही – तुझ्या मोठ्या बाबांना नाही, माझ्या पाठच्या बहिणीला नाही. फोनवर तर जमलंच नसतं.

तू लहान होतीस तेव्हा आपली एक जीप होती, आठवते का? दोघा भावांनी मिळून घेतलेली, जुनीच. तुझे बाबा ती मंचर ते तळेघर चालवायचे. तिकडं एसटी क्वचित, माणसं नाचणीची गाठोडी घेऊन रस्त्याला बसायची, आणि दुसरी गाडी आली तरी उठायची नाहीत. सुदामची येऊ दे, म्हणायची. बुद्धपौर्णिमेला तर आपली सगळी आळी त्याच जीपमधून लेण्याद्रीला जायची. म्हाताऱ्या पुढं, पोरं मागं, आणि तू कुणाच्या तरी मांडीवर.

भावजी, म्हणजे तुझे बाबा, रोज सकाळी बॉनेट उघडायचे, ऑइलची पट्टी काढून फडक्यानं पुसायचे, परत घालून बघायचे. मी चिडवायची, “भावजी, गाडीची दृष्ट काढताय व्हय?” ते म्हणायचे, “वैनी, ही रुसून बसली तर ढकलायला तुमी येनार हाय का?”

हे एवढं का सांगतेय? – कारण नंतर त्यांनाच लोक निष्काळजी म्हणाले. तू पण ऐकलं असशील.

त्या वैशाखात ऊन असं की हापशाच्या दांड्याला हात लावता येईना. मी बाजाराला मंचरला निघालेली, भावजी म्हणाले, “वैनी, येताना वीस-चाळीसचं ऑइल आना, डब्यावर आकडा असतोय. दुसरं नको.” एवढं सोपं सांगितलेलं. आणि वाचता येत नव्हतं म्हणून सुटायलाही मला जागा नाही. शाळेत गेले नसले, अक्षरं मागाहून शिकले, तरी आकडे तेव्हाही येत होते.

दुकानदारानं बरोबर डबा काढला. शेजारी दुसरा होता, पाच-तीसचा. हे काय म्हणून विचारलं, तर म्हणाला, “ते पातळ असतंय काकू, नव्या गाड्यांचं.” पातळ म्हटल्यावर माझं डोकं चाललं. उन्हाळ्यात आपण काय करतो? ताक पातळ करतो, सब्जा पितो, बाजरी बंद करतो. दाट ते उष्ण, पातळ ते थंड – घरातल्या सगळ्यांची पोटं मी अशीच सांभाळली. मग त्या इंजिनानं काय पाप केलंय, एवढ्या उन्हात त्याला दाट पाजायचं? म्हटलं, पातळच द्या. तो म्हणाला, “ड्रायव्हरला इचारा एकदा.” मी म्हटलं, “ड्रायव्हर माझा दीर हाय. मला शिकवू नका.”

घरी आल्यावर, गोडंतेल पिशवीतून किटलीत ओततो ना, तसं ते ऑइल मी भावजींच्या जुन्या डब्यात ओतलं. नवा डबा कापून कोंबड्यांना पाण्यासाठी ठेवला. तोवर माझ्या मनात काळं नव्हतं.

सकाळी ते ऑइल ओतताना भावजी थांबले. “वैनी, पातळ वाटतंय वो.” तेव्हा सांगता आलं असतं. पण मी म्हटलं, “उन्हानं झालं असंल. तूप नाय का पातळ होत?” ते हसले आणि झाकण लावलं. माझा शब्द होता ना.

काही दिवस गाडी चालली. मग डिंभ्याच्या वरच्या चढाला, भर दुपारी, गच्च भरलेली असताना आतून ठोके यायला लागले, आणि गाडी जाग्यावर बसली. लोक गाठोडी डोक्यावर घेऊन उन्हात चालत गेले. मिस्त्रीनं इंजिन उघडलं. आत सगळं खाऊन गेलेलं. तो म्हणाला, आपल्या उन्हात तापलं की ऑइल आणखी पातळ होतंय, जुन्या इंजिनाला दाटच लागतंय, हे नव्या गाडीचं पाणी कुणी टाकलं?

हेच तुझ्या मोठ्या बाबांनी अंगणात सगळ्यांसमोर विचारलं, “सुदाम, कुठलं टाकलं व्हतंस?” भावजींनी माझ्याकडं बघितलं. कुंपणाशी कोंबड्या पाणी पीत होत्या – त्याच डब्यातून, आकडा बाहेरच्या बाजूला. आणि प्रज्ञा, त्यांनी तोंड उघडायच्या आत मी बोलले.

“भावजी, टाकताना बघायचं तरी.”

हे माझं पाप. ऑइल नाही – ऑइल चुकलं, माणूस चुकतो. हे वाक्य चुकलेलं नव्हतं, ते मी ठरवून बोलले. बाईला पाठवलं म्हणून असं झालं, हे मला ऐकायचं नव्हतं. एवढंच होतं मनात. ते म्हणाले, “चुकलं माझं, दादा.” किल्ली ओट्यावर ठेवली. संध्याकाळी तो डबा मी चुलवणात घातला. लई वास सुटला, कुणी काही विचारलं नाही.

जीप भंगारात गेली. त्या पौर्णिमेला आळी लेण्याद्रीला एसटीनं गेली, भावजी आलेच नाहीत. पुढं ते कंपनीच्या गेटवर लागले, दुसऱ्यांच्या गाड्यांना गेट उघडायला. तुझे मोठे बाबा गेले ते धाकटा भाऊ निष्काळजी, हेच मनात धरून गेले. मी उशाशी बसलेली होते. तेव्हाही बोलले नाही.

तू म्हणतेस, बाबा गाडीत मागं बसतात, बॉनेटला हात लावत नाहीत. आता कळलं का? आणि मला विचार असं त्यांनी सांगितलं – हसून सांगितलं का गं, की न हसता? नको, राहू दे. ते सगळं ओळखून होते, आणि माझं नाव त्यांनी घरातसुद्धा घेतलं नाही, एवढं मला कळलं.

ऑइलचं म्हणशील तर गाडीच्या पुस्तकात उन्हाळ्याला जो आकडा दिलाय तोच टाक. तुझ्या गाडीला कदाचित पातळच लागत असंल. डबा स्वतः बघ, दुसऱ्याच्या शब्दावर ओतू नको – माझ्या तर नाहीच.

आणि लवकर ये. भावजींना घेऊन ये, वैनीनं बोलावलंय म्हण. ज्या अंगणात मी ते वाक्य बोलले तिथंच, आळीसमोर, खरं काय ते बोलणार आहे. भाकरी करून ठेवते. तुम्ही बसून खाल की उभ्याउभ्या गाडी वळवाल, ते तुम्ही बघा. पण ये.