नलिनीताईंच्या दारातल्या चपला

फोन आला तेव्हा मी धायरी फाट्यावर बसची वाट बघत उभा होतो. पिशवीत शेंगदाण्याचे लाडू होते, मांजरी गावाला मंगलकडं न्यायचे. नंबर नलिनीताईंचा होता, आवाज त्यांचा नव्हता. "काका, मी नलिनीची बहीण बोलतेय," एवढं कानावर पडलं आणि पुढचं ऐकायची गरज राहिली नाही. ताई स्वतःचा फोन दुसऱ्याच्या हातात देणाऱ्या नव्हत्या. बस आली, थांबली. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, चढताय का नुसतं बघताय?" बस गेली. मग मी ताईंच्या घरची, सहकारनगरची रिक्षा केली. ताई आजारी आहेत हे माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि फोन येणं वेगळं... त्याला आता महिना होऊन गेला. ताईंच्या बहिणीनं सांगितलं, काका, तुम्ही तिच्यावर चार ओळी लिहा. मला लिहायची सवय नाही, शाळा चौथीतच सुटली. जसं बोलतो तसं लिहितोय.

मंगल माझी मुलगी. चाळिशीला आली आहे. डॉक्टर लोक तिच्या दुखण्याचं मोठं नाव सांगतात. मी साधं सांगतो, अंग वाढलं, समज आपल्या चालीनं वाढली. बोलते ते चार-सहा शब्द. माझी बायको हिरा होती तोवर मला कसली झळ लागली नाही. मी म्हशी राखायचो, सिंहगड रोडच्या बंगल्यांना दूध घालायचो, आणि घरात मंगलचं न्हाणंधुणं, खाणंपिणं सगळं हिरा बघायची. हिरा गेली. मागं राहिलो मी, दम्याचा म्हातारा, आणि मंगल. मी गेलो की हिचं काय, हा एकच घोर. नातेवाईक म्हणायचे, आम्ही हाय की. आम्ही हाय म्हणणारा चहा संपला की उठतो, हे मी पुष्कळदा बघितलंय.

आमच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी ताईंचा नंबर दिला. मंगलसारख्या माणसाला काय जमतं, काय जमत नाही, कुणाची किती मदत लागते, हे त्याच्या घरी येऊन बघायचं आणि त्याप्रमाणं त्याला कायमची राहायची जागा शोधून द्यायची, हे ताईंचं काम. त्या बघण्याला असेसमेंट आणि जागा शोधून देण्याला प्लेसमेंट म्हणतात, हे मला नंतर समजलं. त्या येणार म्हटल्यावर मी काय केलं, तर मुलगी बघायला पाहुणे येतात तशी तयारी केली. मंगलला नवा ड्रेस घातला, वेणी घालून गजरा माळला. नाव विचारलं की नाव सांगायचं आणि चहाचा ट्रे दोन्ही हातांनी धरायचा, हे आठवडाभर घोकून घेतलं. ताई आल्या. साठीच्या बाई, स्कूटरवरून, डोक्याला रुमाल बांधलेला. मंगलनं ट्रे धरला, नाव सांगितलं. मला वाटलं, जमलं.

"जेवण स्वतः करते?" ताईंनी विचारलं.

"करते."

"अंघोळ, कपडे?"

"सगळं स्वतःचं स्वतः."

"वेणी?"

"तीच घालते."

ताईंनी वेणीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "ही खालची गाठ म्हशीच्या दाव्याला मारतात तशी आहे. हिनं मारली?"

ताई म्हणाल्या, "काका, आपण इथं स्थळ जमवायला बसलेलो नाही. सगळं येतं म्हणालात तर मी तिला अशा ठिकाणी पाठवीन जिथं वेणी घालणारं कुणी नसेल. मग बसेल तिथं केस पिंजारून. मला येत नाही ते सांगा. येतं ते तिचं ती दाखवेल." पुणेरी बाई. बोलणं असं की माणूस पहिल्यांदा चिडतो आणि स्कूटर गल्लीच्या बाहेर गेल्यावर त्याला पटतं.

त्या पुन्हा आल्या, तेव्हा सकाळी दूध काढायच्या वेळी आल्या आणि दिवेलागणीला गेल्या. काही शिकवलं नाही, काही विचारलं नाही. मंगलच्या मागं मागं फिरत होत्या. तेव्हा माझ्याकडं एकच म्हैस उरली होती. मंगल गोठ्यात शिरताना चपला बाहेर काढायची आणि शेणातून अनवाणी जायची. समोरच्या देवळात मात्र चपला घालून उभी राहायची. पुजारी ओरडायचा, हिरा कान धरायची, पण हिचं तेच. आम्ही म्हणायचो, येडी सवय. ताई संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणाल्या, "सवय नाही हो काका. जिथं राहायचंय तिथं ती चपला काढते. जिथून निघायचंय तिथं पायातच ठेवते. दिवसभर बघतेय मी." मी आठवून बघितलं. लग्नात, दवाखान्यात, मामाच्या घरी... कुठंच काढल्या नव्हत्या. मामाच्या घरी तर मलाही राहावंसं वाटत नाही, पण मी काढतो.

त्याच ओट्यावर त्यांनी विचारलं, "आईचं काय सांगितलंय तिला?"

"गावाला गेली म्हणून. सगळ्यांनीच ठरवलं तसं."

"म्हणून ती संध्याकाळची चपला घालून दारात बसते," ताई म्हणाल्या. "तिला फार बोलता येत नाही. समजत नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

मग आमचं घरं बघणं सुरू झालं. ताई म्हणायच्या, आजवर मुलीला बघायला घरं आली, आता मुलगी घर बघायला जाणार. पहिली जागा हिंजवडीकडं, कंपन्यांच्या इमारतींच्या मागं. लिफ्ट, काचेची दारं, फरशी अशी की तोंड दिसावं. तिथली एक पोरगी इंग्रजीत गोड गोड बोलत होती. मंगल पायपुसण्यावर जी उभी राहिली ती तिथंच. निळ्या रबरी स्लिपर पायात घट्ट. ताई म्हणाल्या, "झालं. चला."

मी म्हणालो, "ताई, अहो एवढी चकाचक जागा, एसी हाय, वर टीव्ही..."

"मग तुम्ही राहा," ताई म्हणाल्या आणि जिना उतरल्यासुद्धा.

दुसऱ्या ठिकाणी मंगलनं एक स्लिपर काढली. ताई गंभीरपणे म्हणाल्या, "विचार चालू आहे." परत नेलं तेव्हा तीही काढली नाही. मी वैतागलो. दुसरी माणसं जागा मिळत नाही म्हणून रडतात आणि आमच्या राणीसाहेबांना पसंत पडत नाही. ताई वैतागल्या नाहीत. तिसरी जागा मांजरीला, उसाच्या रानाला लागून बैठं घर, मंगलसारखी दहा-बारा माणसं राहणारी. तिथलं सगळं बघणाऱ्या शालनबाई पायरीवर मेथी निवडत बसल्या होत्या. या म्हणाल्या नाहीत, बसा म्हणाल्या नाहीत. मंगल समोर जाऊन उभी राहिली तर मान वर न करता म्हणाल्या, "सरक गं, ऊन अडवतीस." मंगल हसली. हिरा गेल्यापासून मी तिला हसताना बघितलं नव्हतं. सरकली, स्लिपर काढल्या आणि शालनबाईंच्या शेजारी बसून मेथीच्या काड्या मोडायला लागली. ताईंनी आपल्या तपकिरी चपला, अंगठा शिवलेल्या, तिच्या स्लिपरला लावून काढल्या आणि मला म्हणाल्या, "काका, डोळे पुसा. ती बघेल, तिला वाटेल काहीतरी बिनसलं."

तिथं जागा रिकामी व्हायला वेळ लागला. तोवर ताईंनी तिला थोडं थोडं राहायला नेलं, आधी दुपारपुरतं, मग मुक्कामाला. शालनबाईंना एकदा आमच्या घरी जेवायला आणलं, मंगल घरात कशी वागते ते बघायला. ती कायमची राहायला गेली तरी ताईंनी काम संपलं असं म्हटलं नाही. दर गुरुवारी दुपारी स्कूटर मांजरीला. दारात आपल्या चपला मंगलच्या स्लिपरला लावून काढायच्या आणि तासभर तिच्याजवळ बसायच्या. मी मात्र रोज जायचं म्हणायचो. ताईंनी दटावलं, "सारखे गेलात तर तिला वाटेल न्यायला आलात. आठवड्यानं जा. तिला तिचं घर करू द्या." मी तेही ऐकलं. मी कुणाचं ऐकणारा माणूस नाही.

मग ताई बारीक व्हायला लागल्या. पोटाचं दुखणं, शेवटच्या टप्प्यात समजलेलं. गुरुवार चुकायला लागले, मग बंदच झाले. मी भेटायला गेलो, दमा लागून दोनदा जिन्यात टेकलो. पलंगावर उशाला टेकून बसल्या होत्या. मला बसवेना. त्या म्हणाल्या, "काका, आता माझी प्लेसमेंट चाललीय. पण ही जागा कुणी बघून आलेलं नाही, त्यामुळं सगळा आंधळा कारभार." मी म्हणालो, "चपला काढू नका मग." त्या हसल्या, हसताना दुखलं, हात पोटावर गेला. जाताना म्हणाल्या, "मंगलला सांगा. गावाला गेली म्हणू नका." त्यांची माझी ती शेवटची भेट.

फोन आला त्या दिवशी मी त्यांच्या घरी पोचलो तेव्हा माणसं जमली होती. दारातल्या रॅकवर त्यांच्या तपकिरी चपला जागेवर होत्या. बाकी काय बघितलं ते मला सांगवत नाही.

खरा घोर पुढं होता. ताईंचे गुरुवार थांबल्यापासून मांजरीला मंगलनं चपला काढायचं सोडलं होतं. स्लिपर घालून जेवायची, स्लिपर घालून निजायची, दिवसभर दारात. शालनबाईंनी ओढूनताणून काढल्या तर पुन्हा घालायची, अंगावर धावायची. शालनबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाबा, मी काय बोलणार न्हाई. पण संस्थेचे साहेब म्हणत्यात, रमत नसंल तर काही दिवस घरी न्यावं. मग बघू." मग बघू म्हणजे काय हे मला समजतं. रांगेत दुसरं कुणी उभं असतं, तेही तितकंच अडलेलं. आणि ताई नाहीत, म्हणजे माझ्या बाजूनं भांडणारं कुणी नाही. माझ्या छातीत शिट्टी वाजते, मी हिला घरी नेऊन काय करू... सगळे सांगत होते, हिला ताईंचं बोलू नका, आणखी बिघडेल. मी पायरीवर बसून खूप विचार केला. मग म्हणालो, चल.

तिला सहकारनगरला घेऊन गेलो. ताईंच्या बहिणीनं दार उघडलं. मंगलला रॅकवरच्या तपकिरी चपला दिसल्या आणि ती एकदम आत गेली, सगळ्या खोल्यांतून फिरली, पलंगाखाली वाकून बघितलं, बाहेर आली आणि चपलांपुढं बसली. मी तिच्यासमोर खाली बसलो. गुडघे मोडले पण बसलो.

"मंगे," मी म्हणालो, "ताई मेल्या. गावाला गेल्या न्हाईत, मेल्या. आई पण मेली. दोघी आता यायच्या न्हाईत."

ताईंची बहीण म्हणाली, "अहो काका, असं काय बोलता तिच्यापुढं..."

"ताईंनीच सांगितलंय," मी म्हणालो.

मंगल रडली नाही. माझ्या तोंडाकडं बघत राहिली, मी आणखी काही बोलतो का ते. तिनं माझ्या गालाला हात लावला, तो ओला झालेला बघितला. मग पायांतल्या स्लिपर काढल्या, एक एक करून, आणि रॅकवर ताईंच्या चपलांना लावून ठेवल्या. नीट लावल्या, ताई लावायच्या तशा. ताईंच्या बहिणीनं पोहे केले, ते तिनं खाल्ले.

निघताना तिनं स्लिपर घातल्या नाहीत. मी पुढं केल्या, तिनं परत जागेवर ठेवल्या. खाली रस्ता तापलेला, रिक्षापर्यंत ती अनवाणी चालत आली. मी रिक्षात सगळ्या वाटेनं तिच्या पायांकडंच बघत होतो. मांजरीच्या दारात पोचलो. शालनबाई पायरीवर गवार मोडत बसल्या होत्या. मंगल उंबऱ्याशी थांबली. मी श्वास धरला. माझ्या दम्याला ते झेपत नाही, पण धरला. शालनबाई म्हणाल्या, "चपला कुठं टाकून आलीस गं?"

"ताई," मंगल म्हणाली.

एवढंच. आणि आत गेली. त्या रात्री अनवाणी निजली, आणि त्यानंतर दारात बसलेली नाही. मी नव्या स्लिपर नेऊन दिल्या, त्या ती आत जाताना काढते. घरी नेण्याचं परत कुणी बोललेलं नाही. गुरुवारी दुपारी मात्र तिला कुणी कामाला बोलावत नाही, ती भिंतीला टेकून एकटी बसते. मी पण त्या वेळेला जात नाही.

परवा ताईंच्या बहिणीचा फोन आला. कपडे वाटून टाकलेत, स्कूटर भाच्यानं नेली. म्हणाली, "गेलेल्या माणसाच्या चपला दारात ठेवू नयेत असं सगळे सांगतात. पण काका, ते दोन जोड मला हलवता येईनात. दूधवाला रोज विचारतो, घरात पाहुणे आलेत का, दूध जास्त लागेल का."

मी चाळीस वर्षं दूध घातलंय. दारातल्या चपला बघूनच आम्ही दूध मोजतो.

मी म्हणालो, "दोघी हायत म्हणावं. पण दूध नको."