पाहुणा कागद

लिफ्टच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणाऱ्या त्या सरकारी कार्यालयात साहेब येत आणि जात, पण तळघरातल्या रेकॉर्ड रूमवर अठ्ठावीस वर्षं एकाच बाईचं राज्य होतं. फाईलला ती हट्टाने नस्तीच म्हणायची, म्हणून सगळे तिला नस्तीबाई म्हणत. अमक्या इमारतीच्या लिफ्टचा दोर कधी बदलला, तमक्या मेकॅनिकचा परवाना कधी संपतो, असं कुणी विचारायचा अवकाश, बाई रॅकच्या गल्लीत शिरून धूळ झटकत नस्ती घेऊन बाहेर. नवरा चिडवायचा, "चाळीस हजार फायली हिला तोंडपाठ, आणि घरातला थर्मामीटर शोधायला निम्मं घर उलथंपालथं करते!"

अशा या बाईची पाचावर धारण बसली ती एका साध्या परिपत्रकाने. सगळं रेकॉर्ड स्कॅन होणार होतं.

नव्या साहेबांनी सगळ्यांना बोलावून समजावलं. कंत्राटदाराच्या चार मुली रोज साठ नस्त्या सोडणार, एकेक पान मशीनखाली धरणार आणि पानावर ज्या इमारतीचं नाव असेल ते टाइप करणार. मग बाईने आपल्या कॉम्प्युटरवर ते पान बघायचं आणि 'मंजूर' किंवा 'वगळा' दाबायचं.

"एकदा हे झालं ना बाई, की नुसतं नाव टाकायचं. त्या इमारतीचा कागद न् कागद समोर! चुकून भलत्याच फायलीत गेलेलासुद्धा!" साहेब खुशीत म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईचे हात मांडीवरच राहिले.

कारण भलत्याच नस्तीत गेलेला एक कागद होता, आणि तो तिनेच ठेवला होता.

त्या कार्यालयात एक जुनी रीत होती. आलेल्या पत्रावर नस्ती क्रमांक नसला, तर ते आवक नोंदवहीत चढवायचं नाही. क्रमांक सापडेपर्यंत टेबलावरच्या सगळ्यात जाड नस्तीत सरकवून ठेवायचं, म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने उडत नाही. अशा पत्राला 'पाहुणा' म्हणत. कोपऱ्यात पेन्सिलीने 'पा' लिहायचं, खाली तारीख आणि आपली सही. क्रमांक मिळाला की पाहुणा आपल्या घरी. बहुतेक जायचे. ही रीत नियमात कुठे नव्हती, आणि घालणारा फार शहाणा नसणार एवढं नक्की.

अकरा वर्षांपूर्वी एका चार मजली इमारतीच्या लिफ्टचा दोर तुटला. आत एक शिवणकाम करणारी बाई होती. तिचे दोन्ही पाय मोडले. चौकशीत लिफ्टचा मेकॅनिक म्हणाला, "दोर झिजलाय, मालक बदलत नाही, असं मी महिनाभर आधी तुमच्या ऑफिसला पत्राने कळवलं होतं." मालकाने कानावर हात ठेवले. नस्तीबाईला बोलावणं आलं. जिना चढतानाच तिला आठवलं: रेघी कागद, निळी शाई, गर्दीचा दिवस. पाहुणा! पण कुठल्या नस्तीत?

"असं पत्र आल्याची नोंद आहे का?" चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नोंद नाही, साहेब."

बोलली ते खरंच होतं. खोटं बोलायला जेवढी हिंमत लागते तेवढीही तिला लागली नाही. मेकॅनिक खोटारडा ठरला आणि त्याचा परवाना रद्द झाला. नंतर तीन आठवडे डबा न उघडता बाई मधल्या सुट्टीत नस्त्या उपसत होती. पाहुणा काही सापडला नाही. मग तिने तोंडात मिठाची गुळणी धरली, ती अकरा वर्षं.

आता मशीन सुरू झालं. मुली हसतखिदळत पानं उलटायच्या आणि मशीनच्या प्रत्येक उजेडासरशी बाई दचकायची. कुणी "अगं, हे बघ काय!" म्हटलं की ती काहीतरी निमित्त काढून त्यांच्या टेबलाशी जाऊन यायची. एकदा ते पान निघालं पाहिजे आणि एकदा ते कधीच निघू नये, असं तिला दिवसातून दहा वेळा वाटायचं. निवृत्तीला चौदा महिने होते. पेन्शन थांबेल, वर्तमानपत्रात येईल, मुलीच्या सासरी कळेल. घरी ती ताटातला भात नुसता चिवडत बसायची.

"तुला झालंय तरी काय?" नवऱ्याने विचारलं. "मशीनला का एवढी घाबरतेस? कर नाही त्याला डर कशाला?"

"अहो, जेवा तुम्ही," बाई म्हणाली. कर होता, म्हणून तर डर होता. पण हे त्या भल्या माणसाला सांगायचं कसं?

सत्ताविसाव्या दिवशी, दुपारी, मुली जेवायला गेल्या असताना, ते पान तिच्या पडद्यावर आलं. एका कारखान्याच्या मालवाहू लिफ्टच्या नस्तीत, पान एकशे बारा. कोपऱ्यात 'पा'. खाली तिची सही, अकरा वर्षांपूर्वीची, जरा जास्तच ऐटदार.

मुलीने इमारतीचं नाव टाइप केलं होतं, पण तिला त्याचं काय? बाईने दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. तिने 'वगळा' दाबलं. पडद्याने कारण विचारलं: कोरं पान, दुबार प्रत, वाचता येत नाही. तिघांपैकी एक निवडायचं की संपलं. वगळलेले कागद शनिवारी लगद्याला जाणार होते.

'वाचता येत नाही' वर बोट ठेवायच्या आधी, निदान काय वगळतोय ते बघावं म्हणून तिने पत्र वाचलं. त्या दिवशी वाचलं नव्हतं, नुसता क्रमांक शोधला होता. अक्षर मोठं, सुटं, एकही खाडाखोड नाही. साहेबलोकांना वाचायला त्रास नको म्हणून त्या माणसाने बहुतेक दोनदा लिहून काढलं असावं. 'दोराच्या अकरा तारा तुटलेल्या मी हाताने मोजल्या आहेत. मालक ऐकत नाही. या लिफ्टने म्हातारी माणसं जातात, शिवणाच्या बाई जातात. कृपया लवकर यावे. मी स्वतः हजर राहीन.' खाली परवाना क्रमांक आणि फोन नंबर.

शिवणाच्या बाई. नस्तीबाईला स्वतःची शरम वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत. भीती मात्र तसूभर कमी झाली नाही. मागे यायचं बटण दोनदा चुकलं. मग तिने 'मंजूर' दाबलं. पान साहेबांच्या कॉम्प्युटरवर गेलं. आता परत आणायची सोय नव्हती.

लगेच ती उठली असती तर कदाचित टॉयलेटमध्ये जाऊन रडली असती. त्याऐवजी तिने टेबलावरचा फोन ओढला आणि पत्रातला नंबर फिरवला. इतक्या वर्षांनी लागणार नाही, अशी मनातून आशा होती. तो लागला. एका बाईने उचलला.

"मी लिफ्टच्या ऑफिसातून बोलतेय," नस्तीबाई म्हणाली.

पलीकडचा आवाज एकदम बारीक झाला. "आता काय केलं हो त्यांनी? ते नाही करत आता लिफ्टचं काम. देवाशपथ नाही करत. गोदामात वॉचमन आहेत."

अकरा वर्षं ती ज्यांच्या कागदाला घाबरत होती, ती माणसं तिच्या ऑफिसला घाबरून होती.

"नाही हो, त्यांनी काही नाही केलं. त्यांनी लिहिलेलं पत्र... ते आलं होतं. आज सापडलं."

"सापडलं?" मेकॅनिकची बायको म्हणाली. "मी सांगत होते सगळ्यांना, लिहिलंय त्यांनी, माझ्यासमोर बसून लिहिलंय. कुणी हरवलं होतं हो?"

"मी," नस्तीबाई म्हणाली.

तिने फोन ठेवला नाही.