उघडी तोटी

लग्न होऊन मी नागपुरात विणकरांच्या घरी आले, तेव्हा त्या गल्लीत प्रत्येक दारापुढे एक गड्डा होता. नळाला जोर नव्हता. पाणी वर चढत नाही म्हणून लोकांनी नळच खाली नेला होता. कमरेएवढा गड्डा, त्याच्या तळाशी तोटी, आणि तिथे वाकून बादली भरायची. आमचा गड्डा सासऱ्यांनी खणला होता, नि त्याचा सासूबाईंना अभिमान होता.

पाणी दुपारी कधीतरी यायचं. मागाच्या खटखटाटात ते कळावं म्हणून मी तोटी उघडीच ठेवायची आणि खाली पत्र्याचा डबा पालथा घालायची. डबा वाजला की मी धावायची. माझ्या या युक्तीचं साऱ्या गल्लीनं कौतुक केलं होतं.

एकदा नळखात्याचा माणूस आला. गड्ड्यात साचलेलं पाणी बघून म्हणाला, "बाई, पाणी गेलं का तोटी बंद करत जा. नाही तं हे घाण पाणी पाइपात खेचून जाते."

सासूबाई हसल्या. "नळातून पाणी येते गा, जाते कुठं?"

मीही हसले. तसंही आमच्या तोटीचा वायसर झिजलेला होता, आवळली तरी ती गळायचीच. हार्डवेअरचं दुकान दोन गल्ल्यांपलीकडे होतं. मी गेले नाही. आळस, दुसरं काही नाही.

त्या पावसाळ्यात माझी मुलगी हगवणीनं आठ दिवस अंथरुणाला खिळली. तिचे लंगोट मी अंगणातच धुवायची. तिथेच साड्यांच्या काठांचं रंगवलेलं लाल सूतही खळबळून निघायचं. सगळं पाणी उतारानं गड्ड्यात जायचं, तोटीच्या वर चढायचं, आणि काही वेळानं आपोआप कमी व्हायचं. जमिनीत मुरत असेल, असं मी धरून चालले होते.

मुलगी बरी होत आली. मग उताराकडची शेजारीण बादली घेऊन दारात आली. "पाहा वं, आमच्या नळातून लाल पाणी येऊन राहिलं."

तो लाल मी ओळखला. माझे हात कोपरापर्यंत त्याच रंगाचे होते. ते मी पदराखाली घेतले.

ती गेल्यावर सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "गप राय. मोहल्ल्यात साऱ्याच्याच घरी रंग हाय."

मी गप्प राहिले. शेजारणीनं लाल पाणी फेकून दिलं आणि मागून स्वच्छ दिसणारं भरून ठेवलं. तेच तिचा तीन वर्षांचा मुलगा प्यायला. रंग डोळ्यांना दिसला होता, लंगोटांचं पाणी कोणाला दिसणार? पाचव्या दिवशी हगवणीनं मुलगा गेला.

त्याच संध्याकाळी मी दुकानात जाऊन वायसर आणला. एवढंसं चामडं. माझी मलाच किळस आली.

महिन्याभरानं शेजारीण माझ्याजवळ येऊन बसली. डॉक्टरनं तिला विचारलं होतं, पाणी उकळून का पाजलं नाही. तेवढं एकच तिच्या डोक्यात घर करून बसलं होतं.

"मी उकळून पाजलं असतं तं वाचला असता का वं?"

सांगायची तीच वेळ होती. आम्ही दोघीच होतो.

"वाचला असता," मी म्हणाले.