सात वाजताच्या मायाताई

मायाताईंना त्यांच्याच चॅनेलवर तोंड उघडू नका, असा सल्ला देणारा शहाणा मीच. तोही मराठीचा मास्तर या नात्याने, अगदी तळमळीने. गेल्या महिन्यात त्या गेल्या तेव्हा परळ-लालबागच्या चाळींत जो तो त्यांच्या आवाजाबद्दल बोलत होता, आणि मी प्रत्येकापुढे मान डोलावत होतो... जणू तो आवाज मीच शोधून काढला.

ताई नेपाळच्या. नवरा बंद गिरणीच्या गेटावर रखवालदार. तो वारल्यावर सगळ्यांना वाटलं, ही आता मुलीला घेऊन गावी जाणार. त्या गेल्या नाहीत. आधी व्हिडिओ कॅसेट भाड्याने दिल्या, मग या गच्चीवरून त्या गच्चीवर केबल ओढली आणि शेवटी आमच्याच चाळीतल्या एका खोलीत कॅमेरा लावून वस्तीचं चॅनेल काढलं. पाणी कधी येणार, कुणाचं पोर हरवलंय, कुणाचं मयत किती वाजता निघणार... पहिल्या दिवशी त्या स्वतः वाचायला बसल्या. मराठी चोख, पण हेल डोंगरातला. मी म्हटलं, “ताई, लोक हसतील. तुम्ही चॅनेल चालवा, वाचायचं माझ्यावर सोडा.” “हसू देत की,” त्या म्हणाल्या. पण खुर्ची दिली. पुढची आठ वर्षं संध्याकाळी सातला मी कोट-टाय लावून बातम्या वाचल्या. टेबलाखाली लुंगी असायची, ती कॅमेऱ्याला दिसत नसे.

मग पलीकडच्या चाळीवर बिल्डरची नजर गेली. सगळे भाडेकरू राजी आहेत, असं कागदावर आलं होतं. ताई भाडेकरूंच्या मीटिंगला कॅमेरा घेऊन गेल्या, तर तिथे बायका एकामागून एक उठून ‘नाही’ म्हणत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी एक गृहस्थ आमच्या चॅनेलच्या खोलीत आले, चहा प्यायले आणि गोड आवाजात म्हणाले, “ताई, तुम्ही बाहेरच्या. आमच्या भानगडीत कशाला पडता? वायरी काय, कुणीही कापतं.” ताई हसल्या. मी मात्र हादरलो. सातला कॅमेऱ्यासमोर बसलो आणि ताईंनी लिहून दिलेला कागद बाजूला ठेवून माझ्या शुद्ध, प्रमाण, घाबरलेल्या मराठीत म्हणालो, “भाडेकरूंची बैठक शांततेत पार पडली.”

शेजारच्या खोलीतून ताई आल्या. “उठा, मास्तर.” कॅमेरा चालू होता. मी उठलो, आणि माझी लुंगी उभ्या वस्तीने पाहिली. ताई खुर्चीत बसल्या. “मी माया. नेपाळची. तुम्हाला ठाऊक आहे. मास्तरांनी आत्ता वाचलं ते खोटं. बाया नाही म्हणाल्या. मी तिथे होते. बघा.” आणि मीटिंगची अख्खी टेप लावली.

सकाळी तीन गच्च्यांवरच्या वायरी कापलेल्या. ताई पदर खोचून वर चढल्या, मागून त्या चाळीतल्या बायका. दुपारपर्यंत जोडल्या. परत कापल्या, परत जोडल्या... शेवटी कापणारेच कंटाळले. ती चाळ आजही उभी आहे. त्यानंतर सातची खुर्ची ताईंनी सोडली नाही. मला वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहायचं काम मिळालं. लोक हसले का? पहिला आठवडाभर हसले असतील. पुढे सात वाजले की त्या हेलातलं मराठी घराघरातून ऐकू येई, आणि ताई म्हणाल्या म्हणजे ते खरं.

त्या गेल्या त्या दिवशीही सात वाजायचे होतेच. चॅनेल आता त्यांची सरिता बघते, मोबाइलवरही दिसतं. आईच्या खुर्चीत बसायला ती धजेना. कागद हातात, डोळे भरलेले. मी पुढे झालो. म्हटलं, “पोरी, मी वाचतो. दोन पानं लिहूनच आणलीत.” दाराशी राणेकाकी बसल्या होत्या. त्या मीटिंगमध्ये पहिली उठलेली बाई ती हीच. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“सरिता, तूच वाच गो. मास्तरांनी वाचल्यानी, तर माया मेली ह्या कोणाक खराच वाटाचा नाय.”