डावा लाल, उजवा निळा

शनिवार, ३ जानेवारी रोजी करवतकाकांनी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून चारशे पंधरा रुपयांचा माल घेतला: लाल, निळा आणि पिवळा अशा ऑइलपेंटच्या तीन लहान डब्या, एक ब्रश आणि टर्पेंटाइनची बाटली.

"घराला रंग काढताय?" दुकानदाराने विचारलं.

"नाही, दगडांना."

सव्वीस वर्षं हाडांच्या दवाखान्यात काढलेला माणूस थोडा सरकला असेल तर त्यात नवल ते काय, असा चेहरा करून दुकानदाराने बिल फाडलं.

करवतकाका हे नाव मुलांनी ठेवलेलं. दवाखान्यात प्लास्टर घालायचं आणि काढायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांचे वडील भिंतींना प्लास्टर करायचे. "मी घरचा धंदा सोडला नाही, नुसता भिंतीवरून पायावर आलो," असं ते प्रत्येक नव्या नर्सला पहिल्याच दिवशी सांगत, आणि तिला ते पाठ होईपर्यंत पुन्हा पुन्हा सांगत. प्लास्टर घालताना मुलं फारशी रडत नसत. ओल्या पट्टीची ऊब त्यांना आवडे. रडारड व्हायची ती काढताना. कापायच्या यंत्राचं पातं गरगर फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं. ते कडक प्लास्टर कापतं, मऊ कातडी हलून त्याला दाद देत नाही. पण आवाज मात्र लाकडाच्या वखारीतला. म्हणून काकांचा एक नियम होता. चालू यंत्र आधी स्वतःच्या तळहाताला हलकेच टेकवायचं, तळहात मुलाला दाखवायचा आणि मगच कामाला लागायचं.

हा नियम त्यांनी एकदाच मोडला. २० डिसेंबरला बाहेर अकरा पेशंट ताटकळत होते आणि टेबलावर सहा वर्षांची एक मुलगी होती. जिन्यावरून पडून तिची डावी नडगी मोडली होती, सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये होता. काकांनी तळहात दाखवला नाही, सरळ यंत्र लावलं. मुलगी ओरडली नाही. तिने डोळे घट्ट मिटले आणि आईचा पदर दातात धरला. पोरगी शहाणी आहे, असं काकांना वाटलं. दोन मिनिटांत काम उरकलं.

त्यानंतर मुलीने पाय टेकला नाही. त्या दिवशी नाही, आठवड्याने नाही, बारा दिवसांनी नाही. आईच्या कमरेवर बसून ती दवाखान्यात यायची, मागच्या अंगणातल्या बाकावर बसायची आणि कमरेवर बसूनच परत जायची. अगदीच वेळ आली तर उजव्या पायावर लंगडी घालायची. व्यायामाच्या ताईंनी गोडीने सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, चॉकलेट दाखवून पाहिलं. चॉकलेट तिने घेतलं.

"एक्स-रे स्वच्छ आहे," डॉक्टर मॅडम आईला म्हणाल्या. "हाड जुळलंय. आता तिने वजन टाकायला हवं. नुसती भीती आहे."

"भीतीच आहे, मॅडम. पण माझ्याकडे दिवस कुठे आहेत?" आई म्हणाली. ती शिवणाच्या कारखान्यात काजं करायची. "एकोणीस तारखेला मी मशीनवर बसले नाही तर सुपरवायझर ती दुसरीला देणार. आणि त्याच दिवसापासून हिची शाळा. वर्ग दुसऱ्या मजल्यावर. शाळा म्हणते, चालत येणार असेल तर पाठवा, उचलायला आमच्याकडे माणूस नाही."

"पण ती घाबरते कशाला? काही सांगते का?"

आईने आवाज खाली आणला. "म्हणते, यंत्राने आतून कापलाय. टेकला तर तुटून पडेल."

काका शेजारच्या टेबलावर पट्ट्या गुंडाळत होते. हातातली पट्टी सुटून पार दारापर्यंत उलगडत गेली.

त्या दिवशी ते घरी आले आणि ताटातला भात नुसता चिवडत बसले. बायकोच्या ते लक्षात आलं, पण त्याआधी तिच्या दुसरंच लक्षात आलं.

"अहो, परत माझ्या चपला उलट्या लावल्यात. डावी उजवीकडे."

"सवय आहे."

"सव्वीस वर्षं ऐकतेय. मी काय तुमच्या टेबलावर पडलेय का?"

ही सवय खरी होती. काका कायम पेशंटच्या पायाशी, त्याच्याकडे तोंड करून उभे असत. समोरच्याचा डावा पाय त्यांच्या उजव्या हाताला. एकदाही त्यांनी चुकीच्या पायाला हात लावला नव्हता, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. पण त्यापायी घरातल्या चपला, मोजे, दारातले बूट सगळे समोरून येणाऱ्या कुणासाठी तरी लावलेले असत.

"मी तळहात दाखवला नाही तिला," ते शेवटी म्हणाले, आणि सगळी हकीकत सांगितली.

बायकोने ताट बाजूला सरकवलं. "मग आता जाऊन दाखवा."

"आता दाखवून काय उपयोग? मी दिसलो की ती आईच्या मागे लपते. आणि पाय टेक म्हटलं की ती वर घेते."

"मग टेक म्हणूच नका. लहान मूल आहे. खेळायला लावा."

खेळाची कल्पना अशी जेवणाच्या ताटावर निघाली, आणि दुसऱ्या दिवशी काकांनी ती डॉक्टर मॅडमसमोर मांडली.

"मॅडम, मागच्या अंगणात दगड लावू का?"

"कसले दगड?"

"रंगीत. लाल दगडावर डावा पाय, निळ्यावर उजवा, पिवळ्यावर दोन्ही. बाकापासून नळापर्यंत जायचं. चुकला तो परत बाकावर."

"आणि पडला तो?"

"पडणार नाही. दगड सपाट घेतो, जमिनीच्या बरोबरीने बसवतो. रंग ओला असतानाच वर बारीक वाळू टाकतो, म्हणजे घसरणार नाही."

"पडला तर प्लास्टर तुम्हीच घालणार आहात, लक्षात ठेवा."

"मीच घालतो, मॅडम. दुसरं कोण आहे?"

वीस दगड हवे होते. दवाखान्याची जुनी कुंपणाची भिंत पाडली तेव्हाचा ढीग मागे पडून होता. त्यातून काकांनी उलटेपालटे करून एकोणीस सपाट दगड निवडले. विसावा काही केल्या मिळेना. तो मिळाला गेटवर. वॉचमन लोखंडी गेट उघडं राहावं म्हणून त्याला एक दगड लावून ठेवायचा. थाळीएवढा, गुळगुळीत, जणू याच कामासाठी घडवलेला.

"हा देतोस का?"

"आणि गेट काय मी धरून बसू?" वॉचमन म्हणाला.

"चार दिवसांचा प्रश्न आहे. मी दुसरा शोधतो, हा तुला परत."

"कधी?"

"रविवारी."

"काका, रविवार दर आठवड्याला येतो. कुठला ते सांगा."

"येणारा," काका म्हणाले आणि दगड उचलून चालू लागले.

तारेच्या ब्रशने दगड घासून, धुऊन, वाळवून काकांनी ते घरच्या गच्चीवर रंगवायला घेतले. खाली पसरायला दवाखान्यातल्या बाद एक्स-रेच्या फिल्म आणल्या होत्या. आठ लाल, आठ निळे, चार पिवळे. रंगाचे दोन हात, दुसऱ्या हातावर चाळलेली वाळू. बायको कपडे वाळत घालायला वर आली आणि वाकून बघत राहिली.

"ही कुणाची तरी कंबर आहे. तिच्यावर दगड ठेवलाय तुम्ही."

"बरी झालीय ती. चालते आता."

रंग पक्का वाळायला काकांनी आठवडा जाऊ दिला. सोमवारी, १२ तारखेला, दवाखाना उघडायच्या आत ते अंगणात पोचले. बाकापासून सुरुवात केली. खड्डा करायचा, वाळूचा थर द्यायचा, दगड बसवायचा, रबरी हातोडीने ठोकून समपातळीत आणायचा. सगळ्यात चांगला म्हणून वॉचमनचा दगड पहिला लावला, तो लाल. नळाकडे तोंड करून ते एकेक पाऊल पुढे सरकत गेले आणि हात आपोआप चालत राहिले. दोन तासांत वीसही दगड बसले. काका उठले, कंबर सरळ केली आणि समाधानाने चहा प्यायला गेले.

मंगळवारी दुपारी अंगणात पाच-सहा मुलं होती. ती मुलगी बाकावर, आई तिच्या शेजारी. काका नळाजवळ उभे राहिले, मुद्दाम लांब. त्यांनी नियम सांगितले. एक हात गळ्यात अडकवलेला दहा वर्षांचा मुलगा सगळ्यात आधी उठला.

"डावा लाल, उजवा निळा. सोपं आहे," असं म्हणून त्याने डावा पाय उचलला. पहिला लाल दगड त्याच्या उजव्या हाताला होता. डावा पाय उजव्याच्या पुढून आडवा गेला. पुढचा निळा दगड डावीकडे. उजवा पाय उलटा फिरून गेला. तिसऱ्या दगडावर त्याच्या पायांची अशी गाठ बसली की त्याला पुढेही जाता येईना आणि मागेही. तो तसाच बगळ्यासारखा उभा राहिला. मुलं खो खो हसली. दुसरा आला, त्याचंही तेच. तिसरी तर दुसऱ्याच दगडावर खाली बसली आणि तिथेच बसून हसत राहिली.

"नीट बघून पाय टाका रे," काका नळाजवळून म्हणाले. "डावा डावीकडे, उजवा उजवीकडे."

बाकावरून एक बारीक आवाज आला. "काका, तुमचं डावं चुकलंय."

करवतकाकांशी ती मुलगी आजवर कधी बोलली नव्हती.

"माझं?" काका म्हणाले. "सव्वीस वर्षांत माझं डावं चुकलेलं नाही."

"चुकलंय. लाल तिकडे लावलाय. तिकडे उजवा असतो."

"अगं, तो डावाच आहे. मी इथून बघतोय ना."

"तिथून नका बघू. इथून बघा."

"मला तर बरोबर दिसतंय."

मुलीने आईकडे पाहिलं, एवढा मोठा माणूस आणि एवढंही कळत नाही, अशा नजरेने. मग ती बाकावरून घसरली, एका हाताने बाकाची कड धरली आणि लाल दगडापाशी उभी राहिली. उजव्या पायावर.

"हा माझा उजवा," तिने त्याच पायाने जागच्या जागी बारीकशी उडी मारून दाखवली. "आणि डावा हा. हा." आणि लाल दगडावर तिने डावा पाय आपटला.

आईने तोंडावर हात धरला. व्यायामाच्या ताई दारात आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या.

काकांना त्या क्षणी दोन गोष्टी एकदम कळल्या. पहिली, की मुलीने पाय टेकला आहे. दुसरी, की पोरगी बरोबर बोलते आहे. काल बाकाकडून दगड लावत येताना समोर पेशंट आहे असं धरूनच त्यांच्या हातांनी डावं आपल्या उजवीकडे टाकलं होतं. समोर पेशंट नव्हता, नळ होता. पण त्यांनी कपाळाला आठी घातली.

"नाही बुवा पटत. परत दाखव."

"हा डावा." पाय पुन्हा आपटला.

"आणि तो पुढचा निळा?"

"तिथे उजवा कसा जाणार? हे बघा." तिने बाक सोडला. उजवा पाय निळ्या दगडाकडे न्यायचा तर सगळा भार डाव्यावर येणार होता. ती अर्धा क्षण थबकली, खाली पायाकडे पाहिलं. पाय जागेवर होता. उजवा पाय वळसा घेऊन निळ्यावर गेला. "बघा, असं वाकडं जावं लागतंय."

"आणि पुढे?"

"पुढेही वाकडंच," ती वैतागून म्हणाली आणि तिसऱ्या दगडावर गेली. गळ्यात हात अडकवलेला मुलगा तिच्या बाजूने चालत होता, ती कलंडली तर धरायला. चौथा दगड, मग पिवळा. पिवळ्यावर दोन्ही पाय टेकून ती थांबली, घामाघूम. नळ अजून लांब होता.

"आता पटलं का?"

"आता पटलं," काका म्हणाले. "चुकलंच माझं."

मग ते पुढे आले, तिच्यासमोर उकिडवे बसले आणि उजवा तळहात उघडून तिच्यापुढे धरला. "त्या दिवशी हेही चुकलं. तुला आधी हा दाखवायला हवा होता. ते यंत्र रोज मी इथे लावतो. आहे का कुठे कापलेलं?"

मुलीने तळहात नीट पाहिला. बोटाने चाचपून पाहिला. बोटांच्या मुळाशी घट्टे होते आणि नखात लाल रंग होता, बाकी काही नव्हतं.

"रंग लागलाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काका पहार घेऊन दगड उपटायला निघाले, नीट लावायला म्हणून. मुलांनी त्यांना हात लावू दिला नाही. त्यांनी एव्हाना शोध लावला होता की नळाकडून बाकाकडे आलं तर सगळं सरळ जातं आणि बाकाकडून नळाकडे गेलं तर वाकडं. एकात दोन खेळ. सरळ जाणं लहानांसाठी, वाकडं मोठ्यांसाठी. त्या मुलीला व्यायामाच्या ताईंनी आधी सरळच चालायला लावलं, हात धरून. तिला ते अपमानाचं वाटलं, पण शनिवारपर्यंत ती हात न धरता बाकापर्यंत पोचत होती. थोडी लंगडत होती. ते जाईल, असं डॉक्टर मॅडमनी सांगितलं.

सोमवारी, १९ तारखेला सकाळी ती आईबरोबर दवाखान्यावरून शाळेला चालली होती. दप्तर आईच्या खांद्यावर, बाकी सगळी ती स्वतःच्या पायांवर. आईला मशीनवर पोचायचं होतं, म्हणून ती घाई करत होती. मुलगी करत नव्हती. गेटपाशी थांबून तिने आत हाक मारली, "काका, आज पहिल्या लाल दगडावर कोणी नाचू नका, तो माझा आहे."

वॉचमन एका पायाने गेट अडवून उभा होता. त्याने काकांकडे पाहिलं.

"ऐकलंत? तिचा आहे म्हणे. मग माझा कुठला?"

"रविवारी बघू," काका म्हणाले.

त्यानंतर तीन रविवार गेले. गेटला सध्या अर्धी वीट लावलेली आहे, ती वाऱ्याने सरकते. वॉचमनला एक दगड देणं आहे.