न येणं शिकताना

गणित म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ. त्यामुळे शिक्षिका होण्याच्या प्रशिक्षणात पहिलाच सराव पाठ अपूर्णांकांचा आला, तेव्हा ती निर्धास्त होती. तिने झरझर फळा भरला. दर दोन ओळींनी "सोपं आहे, कळलं ना?" चालूच. मुलांनी माना डोलावल्या. मागच्या बाकावरच्या मार्गदर्शक बाईंनी नंतर एकेकाला गणित घातलं, तर अर्धा वर्ग गारद!

"तुम्हाला गणित येतं," चहा ओतत बाई म्हणाल्या, "पण न येणं म्हणजे काय, ते ठाऊक नाही. अजिबात न जमणारं काहीतरी शिकायला घ्या. मग पुढचा पाठ."

घरी येऊन ती तणतणली. तिची नणंद तलावावर पोहायला शिकवायची. नणंद खो खो हसली. "वहिनी, तू तर भरल्या बादलीलाही घाबरतेस. ये उद्या!"

दुसऱ्या दिवशी कठडा घट्ट धरून ती पाण्यात उभी राहिली. शेजारून चिल्लीपिल्ली सुळकन निघून जात होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"भीती नेमकी कसली वाटते?" नणंदेने विचारलं.

"नाकात पाणी जाईल गं."

"मग आज पोहायचंच नाही. तोंड बुडवून नुसते बुडबुडे काढ."

नणंदेची नजर सतत तिच्या चेहऱ्यावर. तिचे ओठ आवळले की नणंद थांबे, घाई म्हणून नाही. काही आठवड्यांनी ती कशीबशी हातपाय मारत पलीकडच्या काठाला लागली आणि तिथेच रडली.

पुढच्या पाठाला तिने फळ्यावर अपूर्णांकांच्या बेरजेचं एकच गणित लिहिलं आणि वर्गात फिरली. एक मुलगी वही हाताने झाकून बसली होती. ती तिच्याशेजारी टेकली.

"कुठपर्यंत जमलं?"

"खालचे आकडे सारखे का करायचे, तेच कळलं नाही."

ओठांवर आलेलं उत्तर तिने गिळलं. कागदाच्या सारख्याच लांबीच्या दोन पट्ट्या कापून दिल्या. एकीचे दोन भाग, दुसरीचे तीन. मुलीने बराच वेळ तुकडे एकमेकांवर ठेवून पाहिले.

"अहो, तुकडेच सारखे नाहीत! मग एकत्र मोजणार कसे?"

तास संपल्यावर तिने बाईंना तलावावरची आणि त्या मुलीची हकीगत सांगितली आणि त्यांचे आभार मानले. "माझे कसले? नणंदेचे माना," बाई म्हणाल्या. "आणि त्या मुलीचे. 'कळलं नाही' म्हणायला धीर लागतो."

नणंदेला तिने घरी जाऊन मिठीच मारली. दुसऱ्या दिवशी भर वर्गात ती त्या मुलीला म्हणाली, "काल तू विचारलंस, म्हणून मला शिकवता आलं. थँक्यू."

मुलगी लाजली, मग हळूच म्हणाली, "बाई, मग आजचा गृहपाठ माफ?"