डावा हात आणि टीव्हीतलं टेनिस

मी जन्माचा डावखुरा. धारला आमच्या घरी हे चालण्यासारखं नव्हतं. पणजोबांपासून दरबाराची नोकरी, सोवळंओवळं कडक. डाव्या हाताने घास उचलला की पंगतीतले सगळे माझ्याकडे बघायचे. दादा, म्हणजे माझे वडील, मला जेवायला आणि अभ्यासाला बसवताना माझा डावा हात रुमालाने कमरेशी बांधत. त्यामुळे लिहिणं-जेवणं उजव्या हाताकडे गेलं. विटीदांडू, कॅरम, चेंडू फेकणं मात्र डाव्याकडेच राहिलं, कारण ते सगळं दादांच्या नजरेआड चालायचं. पुढे देवासला कारखान्यात लागलो, तिथे पाना आणि हातोडीसुद्धा आपसूक डाव्या हातात आली.

पन्नाशी उलटल्यावर लकवा मारला तो त्याच हाताला.

पहिल्या पाळीला निघताना बुटाची नाडी बांधत होतो. डाव्या हातातून नाडी सुटली. पुन्हा धरली, पुन्हा सुटली. बायकोला हाक मारायला गेलो तर जीभ जड. तिने शेजाऱ्यांची गाडी काढायला लावली आणि मला इंदूरला नेलं. परत आलो तेव्हा बोलणं ताळ्यावर आलं होतं, पाय थोडा ओढत का होईना चालत होता. हात मात्र खांद्यापासून नुसता लोंबत होता.

भेटायला येणारे समजूत घालत. पाळीतला एक सोबती म्हणाला, "भिया, नसीब समझो, उलटा हाथ गया. लिखना-खाना तो चालू है!" मी मान हलवली. माझा खरा हात तोच होता, हे त्याला कसं सांगणार?

व्यायाम शिकवायला एक तरुण फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी येई. टेबलावर टॉवेल पुढे-मागे सरकवायचा, पेला उचलायचा, एका वाटीतला राजमा दुसऱ्या वाटीत टाकायचा. ती असेपर्यंत मी करायचो. तिची स्कूटी फाटकाबाहेर पडली की वाटी बाजूला. राजम्याचा एक दाणा उचलताना घाम फुटायचा, आणि हात आपला नाहीच असं वाटायचं.

बेंगळुरूला नोकरी करणारी आमची मुलगी सुट्टीत आली ती एक व्हिडिओ गेम घेऊन. टीव्हीला जोडायचा डबा आणि हातात धरायचे दोन रिमोट. रिमोट रॅकेटसारखा फिरवला की पडद्यावरचा माणूस टेनिसचा चेंडू मारायचा. फिजिओला तो दाखवला तर ती खूशच झाली. "बढ़िया है अंकल, पर ग़लत तरीके से मत खेलना," एवढंच म्हणाली.

बोटांना पकड नव्हती, म्हणून बायकोने रिमोट क्रेप बँडेजने तळव्याला बांधला. मुलगी परत गेल्यावर खेळायचं कोणाशी हा प्रश्न आला. दादा तेव्हा ऐंशीच्या घरात होते. मला बघायला म्हणून धारहून आले ते राहिलेच होते. दिवाणावर बसून ते माझी धडपड पाहायचे. एक दिवस म्हणाले, "आण तो दुसरा इकडे."

बसल्या जागेवरून, धोतर सावरत, नुसतं मनगट हलवून ते चेंडू परतवायचे. आणि हरायला तयार नसत.

"दादा, मी आजारी आहे हो."

"मी म्हातारा आहे. टाक चेंडू."

हळूहळू मीही गुण घेऊ लागलो. मोठ्या अभिमानाने ते फिजिओला करून दाखवलं. ती पडद्याकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. "अंकल, पॉइंट तो आपकी कमर ले रही है. हाथ तो सो रहा है." खरं होतं. मी अख्खं अंग फिरवत होतो आणि हात पाठोपाठ फरफटत जात होता. यंत्राला ते समजत नव्हतं, ते गुण देत होतं.

तिने बायकोच्या जुन्या सुती ओढणीने मला खुर्चीच्या पाठीशी बांधलं. शिवाय सांगितलं, की सकाळचे काही तास उजवा हातही बांधून ठेवायचा, म्हणजे डाव्याला काम करावंच लागेल.

दुसऱ्या दिवशी दादा रुमाल घेऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि तसेच थांबले. मग स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "सूनबाई, तुम्ही बांधता का?"

"माझे हात कणकेत आहेत, दादा. तुम्हीच बांधा ना."

त्यांनी गाठ मारली. हात हलवताच ती सुटली.

"घट्ट बांधा," मी म्हणालो. "लहानपणी बांधायचात तशी."

"तेव्हाही सैलच बांधत असे मी. तू सोडवून पळायचास."

मला तर मनगटावरचे वळ आठवत होते. पण त्यांचा चेहरा खोटं बोलणाऱ्याचा नव्हता. आमच्या दोघांपैकी कोणाची आठवण खरी, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी पुन्हा गाठ मारली, या वेळी नीट, आणि रुमालाखाली बोट घालून फार आवळला नाही ना ते पाहिलं.

कंबर बांधल्यावर माझे सगळे गुण गेले. कित्येक दिवस मी सपाटून हरलो. चिडून एकदा रिमोट काढून टाकायला निघालो, पण काढायला दुसरा हात मोकळा कुठे होता! बायको हसली, मग मीही हसलो.

मग एके सकाळी दादांचा चेंडू कोपऱ्यात आला आणि मी हात मारला. चेंडू चुकलाच. दादांनी मात्र रिमोट मांडीवर ठेवला.

"परत कर."

"काय?"

"आत्ता केलंस ते. कोपर सरळ झाला तुझा."

मला कळलंच नव्हतं. राजमा उचलताना माझं सगळं लक्ष हाताकडे असायचं, खेळताना ते चेंडूकडे होतं. आणि या हाताला लहानपणापासून ओळख होती ती खेळाचीच. त्याला कामाला बोलावलं तर येत नव्हता, खेळायला बोलावलं तर आला, असं मला वाटलं. फिजिओला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ऐसा कुछ नहीं अंकल, बार-बार करने से आया है." तिचंही बरोबर असेल.

हात पूर्ण काही आला नाही. कोपर सरळ होतो, पेला धरता येतो, कणीक मळताना बायकोला परात धरून देता येते. शर्टाची बटणं मात्र अजून उजव्याच हाताने. कारखान्याने मला मशीनवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. सुरुवातीला ते फार लागलं, पुढे अंगवळणी पडलं.

पावसाळा संपल्यावर दादा धारला परत गेले. दर रविवारी त्यांचा फोन यायचा. प्रकृतीचं बायकोला विचारून झालं की मला फोन द्यायला सांगत.

"कोणाशी खेळतोस आता?"

"हिच्याशी."

"जिंकते?"

"रोज."

"बरं आहे," म्हणायचे, आणि फोन ठेवायचे.